पर्वती आणि नानासाहेब पेशवे

पुणें शहराच्या नैर्ऋत्येस पर्वती नांवाची जी टेंकडी आहे, ती उंचीनें फार मोठी नाहीं. सह्याद्रीच्या ज्या शिखरांवर आपल्या इतिहासांतील गड उभे आहेत, त्यांच्यापुढें ती अगदीं लहान भासते. शंभरांहून थोड्या अधिक रुंद दगडी पायऱ्या चढून गेलें कीं माथा येतो. परंतु तेथें उभें राहून चोहोंकडे दृष्टि टाकिली असतां चढणीचा सारा शीण नाहींसा होतो. पायथ्याशीं दाट वस्तीचें शहर पसरलेलें, त्याच्या पलीकडे मुठेचें पात्र, उत्तरेस खडकीकडील प्रदेश, नैर्ऋत्येस सिंहगडाचा ताठ माथा आणि दक्षिणेस कात्रजच्या डोंगरांची निळसर रांग. पावसाळा संपून आकाश निवळलें म्हणजे तर हा देखावा फारच रमणीय दिसतो.

हा देखावा पाहून, देवदर्शन घेऊन आणि घटकाभर वारा खाऊन परत फिरणारे पुष्कळ असतात. परंतु या टेंकडीशीं एका थोर पुरुषाचें आयुष्य कसें जडलेलें आहे, याचा विचार करणारे थोडे. ऐन तारुण्यांत, वैभवाचा सूर्य वर चढत असतां, त्यानें येथें देवालय बांधिलें. आणि अवघ्या बारा वर्षांनीं, सर्व वैभव डोळ्यांदेखत ढासळल्यावर, येथेंच येऊन देह ठेविला. तो पुरुष म्हणजे बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे. पर्वतीवरून जें पुणें आपणांस दिसतें, त्याची घडण पुष्कळ अंशीं त्यांच्या हातची आहे. यास्तव त्यांचें चरित्र सांगण्यास या टेंकडीइतकी योग्य जागा दुसरी नाहीं.

नानासाहेबांचा जन्म इ. स. १७२० च्या डिसेंबर महिन्यांत झाला. वडील थोरले बाजीराव आणि आई काशीबाई. बाजीरावांचें बहुतेक आयुष्य घोड्याच्या पाठीवर गेलें. त्यामुळें मुलाकडे लक्ष देण्यास त्यांस सवड अशी कधीं मिळालीच नाहीं. ती काळजी काका चिमाजीअप्पांनीं वाहिली. नानासाहेबांचा बाळपणाचा पुष्कळ काळ साताऱ्यास शाहू छत्रपतींच्या सहवासांत गेला. शाहू महाराज स्वभावानें शांत आणि माणसें जोडून ठेवणारे होते. त्यांच्या दरबारांत कोण कोणाचा मित्र आहे, कोणाच्या मनांत काय सलतें आहे आणि रागावलेल्या सरदाराची समजूत कशी घालावी, हें नानासाहेब लहान वयांतच पाहूं लागले. लेखन, हिशेब व पत्रव्यवहार यांत त्यांची बुद्धि विशेष चाले. वडिलांची तलवार मुलाच्या वांट्यास थोडी आली. परंतु लेखणी मात्र त्यांनीं स्वतःच्या कष्टानें मिळविली, असें म्हणावयास हरकत नाहीं. इ. स. १७३० मध्यें वाईच्या रास्ते घराण्यांतील गोपिकाबाईंशीं त्यांचा विवाह झाला.

इ. स. १७४० च्या २८ एप्रिल रोजीं नर्मदेच्या तीरीं रावेरखेडी येथें बाजीरावांनीं अकस्मात् इहलोक सोडिला. नानासाहेबांचें वय त्या वेळीं एकोणीस वर्षांचें होतें. पेशवेपद त्यांस मिळेलच, अशी खात्री कोणासही नव्हती. बाजीरावांनीं मोहिमांपायीं करून ठेविलेलें कर्ज डोक्यावर होतें, आणि त्या कर्जाच्या सावकारांपैकींच एक, बारामतीचे बाबूजी नाईक, पेशवेपदासाठीं पुढें सरसावले होते. नागपूरकर रघूजी भोंसल्यांसारखा बलाढ्य सरदार त्यांच्या पाठीशीं होता. परंतु शाहू महाराजांनीं लहानपणापासून डोळ्यांसमोर वाढलेल्या या तरुणाची पारख केलेली होती. त्यांनीं पेशवाईचीं वस्त्रें नानासाहेबांसच दिलीं. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत चिमाजीअप्पाही निवर्तले. एका वर्षाच्या आंत पिता गेला आणि पित्यासमान चुलताही गेला. घरांत धाकटा भाऊ रघुनाथराव सहा वर्षांचा आणि चिमाजीअप्पांचा मुलगा सदाशिव दहा वर्षांचा. एवढा संसार, एवढें राज्य आणि एवढें कर्ज एकट्या विशीच्या तरुणाच्या खांद्यांवर येऊन पडलें.

तरुण पेशव्यानें पहिल्या कांहीं वर्षांत जें केलें, तें पाहून त्याचे प्रतिस्पर्धीही चकित झाले असतील. माळव्याचा कारभार त्यांनीं पक्का केला. इ. स. १७४३ मध्यें ते स्वतः बंगालपर्यंत गेले आणि तेथील नबाब अलीवर्दीखानाशीं त्यांनीं चौथाईचा ठराव केला. त्या वेळीं रघूजी भोंसल्यांशीं त्यांचा उघड सामना झाला होता. तरी पुढें शाहू महाराजांनीं मध्यें पडून दोघांचीं क्षेत्रें वांटून दिलीं आणि नानासाहेबांनीं तो निवाडा मुकाट्यानें मान्य केला. पेशवेपदाच्या वेळीं आपल्या आड आलेल्या मनुष्याशीं सलोखा करणें ही लहान गोष्ट नव्हे.

त्यांचा खरा पिंड मात्र कारभाऱ्याचा होता. मोहिमेवरून आलेला पैसा गेला कोठें, कोणत्या महालाचा वसूल किती, सैन्याचा खर्च किती, याचा हिशेब पुण्यांतील कचेरींत, म्हणजे फडांत, नीट राहूं लागला तो मुख्यतः त्यांच्या काळीं. या कामीं त्यांचा उजवा हात म्हणजे चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ. इ. स. १७५० च्या सुमारास भाऊंस कारभारीपद हवें होतें आणि कोल्हापूरकरांनीं त्यांस आपल्याकडे पेशवाई देऊं केली होती. घर फुटण्याचा तो प्रसंग होता. तेव्हां जुने कारभारी महादोबा पुरंदरे यांनीं आपण होऊन जागा मोकळी केली, आणि नानासाहेबांनीं कारभाराचीं सूत्रें भाऊंच्या हातीं दिलीं. पुढें भाऊंनीं ज्या कसोशीनें हिशेब तपासले, त्यामुळें अनेक कारकुनांस त्यांचा धाक वाटे. पेशवे दफ्तर म्हणून जो अफाट कागदसंग्रह आज पुण्यांत जतन केलेला आहे, त्यांतील शिस्तीची घडी या दोघां भावांच्या काळीं बसली.

आतां पर्वतीकडे वळूं. या ठिकाणीं पूर्वीं देवीचें एक लहानसें स्थान होतें. काशीबाईंच्या पायास कांहीं व्याधि झाली असतां त्यांनीं या देवीस नवस केला व त्यांस गुण आला, म्हणून मुलानें आईच्या समाधानासाठीं येथें मंदिर बांधिलें, अशी आख्यायिका आहे. इ. स. १७४९ मध्यें देवदेवेश्वराचें मंदिर पुरें झालें. चांदीच्या शिवमूर्तीच्या मांडीवर सोन्याची पार्वती व सोन्याचा गणपति, अशा मूर्ति त्यांत बसविण्यांत आल्या. मुख्य मंदिराच्या चारी कोपऱ्यांस लहान मंदिरें आहेत. शिवाय विष्णु व कार्तिकेय यांचीं देवालयेंही टेंकडीवर आहेत. नाशिकजवळचें त्र्यंबकेश्वराचें विशाल मंदिर बांधावयास घेतलें तेंही नानासाहेबांनींच.

परंतु मंदिरापेक्षांही अधिक मोलाचें काम त्यांनीं टेंकडीच्या खालीं केलें. शाहू महाराज इ. स. १७४९ च्या १५ डिसेंबर रोजीं साताऱ्यास कैलासवासी झाले आणि मराठी राज्याचा सारा कारभार हळूहळू पुण्यास येऊन स्थिरावला. सरदारांचे वाडे, सावकारांच्या पेढ्या, कारागिरांचीं घरें, विद्वानांचीं बिऱ्हाडें यांनीं गांव फुगूं लागलें. नव्या पेठा वसल्या. त्यांपैकीं सदाशिव पेठ भाऊंच्या नांवानें ओळखली जाते. वस्ती वाढली, तशी पिण्याच्या पाण्याची टंचाई भासूं लागली. तेव्हां नानासाहेबांनीं दक्षिणेस कांहीं कोसांवर असलेल्या कात्रजच्या डोंगरांतील पाणी शहरांत आणण्याचें योजिलें.

ही योजना विद्यार्थ्यांनीं मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. कात्रजच्या खोऱ्यांत बांध घालून दोन तलाव करण्यांत आले. वरच्या तलावांत डोंगरावरून येणारा गाळ खालीं बसावा आणि निवळलेलें पाणी खालच्या तलावांत यावें, अशी व्यवस्था होती. तेथून चुन्या-दगडांनीं बांधलेला नळ जमिनीखालून शहरापर्यंत आणिला. कोठें कोठें तर माणूस आंत शिरून चालूं शकेल इतका तो मोठा आहे. पंप नाहीं, यंत्र नाहीं. जमिनीचा उतार अचूक साधून पाणी आपोआप वाहूं दिलें. वाटेंत ठराविक अंतरावर उभीं भोंकें ठेविलीं. त्यांस उच्छ्वास म्हणतात. त्यांतून आंत हवा खेळते आणि गाळ काढण्यास माणसास उतरतां येतें. हें पाणी शनिवारवाड्यांतील कारंज्यांस मिळालें, आणि वाड्याबाहेर लोकांसाठीं बांधलेल्या हौदांतही पडलें. काळा हौद, बदामी हौद हीं नांवें पुणेकरांच्या तोंडीं अजून आहेत. ज्या गृहिणीस पूर्वीं घागर घेऊन नदीपर्यंत जावें लागे, तिच्या दारापाशीं हें डोंगरचें पाणी आलें.

आंबील ओढा त्या काळीं गांवांतून वाहत असे आणि पावसाळ्यांत लोकांस उपद्रव देई. त्याचा प्रवाह पश्चिमेस वळविण्यांत आला आणि पर्वतीच्या पायथ्याशीं बांध घालून एक सुंदर तलाव करण्यांत आला. तलावाच्या मध्यभागीं बेट राखिलें. त्यावर पुढें गणपतीचें देऊळ झालें. कांठावर हिराबाग नांवाची बाग व बंगला उठला. आतां त्या तलावांत पाणी राहिलेलें नाहीं. त्याच्या जागीं सारसबाग व उद्यान झालें आहे. तरी पुणेकर त्या देवास अजून तळ्यांतला गणपति असेंच म्हणतात. पायथ्याशींच रमणा होता. तेथें श्रावणमासीं विद्वानांस दक्षिणा वांटली जाई. पेशवाई गेल्यावर इंग्रज सरकारनें या दक्षिणेच्या पैशांतून इ. स. १८२१ मध्यें विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा काढिली, आणि त्या बीजांतूनच पुढें डेक्कन कॉलेज उदयास आलें.

येथपर्यंत नानासाहेबांच्या चरित्राचा उजळ भाग झाला. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कारण केवळ स्तुति म्हणजे चरित्र नव्हे. कोंकणांतील तुळाजी आंग्रे पेशव्यांस जुमानीत नसत. त्यांचें पारिपत्य करण्यासाठीं नानासाहेबांनीं इंग्रजांचें साहाय्य घेतलें. इ. स. १७५६ च्या फेब्रुवारींत वाट्सन व क्लाइव्ह यांनीं विजयदुर्गाच्या बंदरांत आंग्र्यांचें आरमार जाळून टाकिलें. घरांतील वैरी बुडाला हें खरें; परंतु शिवाजी महाराजांच्या काळापासून पश्चिम किनाऱ्यावर मराठ्यांचें जें समुद्रबळ उभें राहिलें होतें, त्याचा कणाही त्याबरोबर मोडला. ज्यांच्या हातून तो मोडविला, त्यांच्याच हातीं पुढें बासष्ट वर्षांनीं पेशवाईचा शेवट व्हावा, हा दैवाचा खेळ म्हणावा कीं अदूरदृष्टीचें फळ, याचा विचार वाचकांनींच करावा.

दुसरा दोष असा कीं, नानासाहेब अंगानें मोहिमेवर जाण्याऐवजीं उत्तरेकडील कामें इतरांवर सोंपवूं लागले. रघुनाथरावांच्या फौजा इ. स. १७५८ मध्यें लाहोरपर्यंत गेल्या. नकाशावर मराठ्यांची सत्ता एवढी लांब पूर्वीं कधींच पसरली नव्हती. परंतु त्या मोहिमेंतून द्रव्य येण्याऐवजीं कर्जच वाढलें. राजपूत दुखावले गेले, जाट दुरावले, शिंदे-होळकरांत एकमत राहिलें नाहीं. जिंकलेला प्रांत सांभाळण्यास जी कायमची व्यवस्था लागते, ती झाली नाहीं. पुण्याच्या पाण्याच्या नळाचा उतार ज्यांनीं बोटाबोटानें मोजविला, त्यांच्या हातून उत्तरेच्या राजकारणाचें गणित मात्र ढिलें राहिलें.

इ. स. १७६० च्या १० जानेवारीस बुराडीच्या घाटावर दत्ताजी शिंदे धारातीर्थीं पडले आणि अहमदशहा अब्दालीचें संकट उघड झालें. त्याच सुमारास दक्षिणेंत, ३ फेब्रुवारी रोजीं, सदाशिवरावभाऊंनीं उदगीर येथें निजामाचा पराभव केला व साठ लक्षांचा मुलूख मिळविला. त्या विजयाच्या भरांत उत्तरेची मोहीमही भाऊंकडेच सोंपविण्यांत आली. त्यांच्याबरोबर नानासाहेबांनीं आपला ज्येष्ठ पुत्र विश्वासराव यास धाडिलें. मोठें सैन्य, जड तोफा, बायकामुलें आणि तीर्थयात्रेकरू असा तो प्रचंड लवाजमा उत्तरेस निघाला. ऑगस्टांत दिल्ली हातीं आली. परंतु पुढें पानिपतावर रसद तुटली, महिन्यांमागून महिने उपासमारींत गेले. मदत घेऊन त्वरेनें जाणें हें पेशव्यांचें कर्तव्य होतें. ते निघाले, पण उशिरा निघाले; डिसेंबरांत पैठण येथें त्यांचें दुसरें लग्न झालें आणि कांहीं दिवस त्यांतही मोडले. या एका गोष्टीबद्दल इतिहासानें त्यांस कधीं क्षमा केलेली नाहीं.

इ. स. १७६१ च्या १४ जानेवारी रोजीं पानिपतावर सर्वनाश झाला. नानासाहेब भेलशाजवळ होते, तेव्हां एका सावकारी पत्रांतून त्यांस ती बातमी कळली. शत्रूच्या हातीं पत्र पडल्यास अर्थ उमगूं नये म्हणून गेलेल्या माणसांचा हिशेब मोत्यें, मोहरा आणि खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेंत मांडिला होता. आयुष्यभर हिशेबाचे कागद वाचण्यांत ज्यांचे डोळे मुरले होते, त्यांस त्या ओळींचा अर्थ लावण्यास वेळ लागला नसेल. त्यांतील एक मोतीं म्हणजे पोटचा अठरा वर्षांचा पुत्र आणि दुसरें म्हणजे पाठच्या भावाप्रमाणें वाढविलेला भाऊ.

त्यानंतरचे दिवस फार करुण आहेत. माळव्यांत राहून त्यांनीं वांचून आलेल्या लोकांच्या भेटी घेतल्या. भाऊंची पत्नी पार्वतीबाई रणांतून सुखरूप परत आली. परंतु पति मरण पावला हें तिनें अखेरपर्यंत मान्य केलें नाहीं आणि सौभाग्यचिन्हें उतरविलीं नाहींत. पुण्यांत शेंकडों घरांत माणसें परत येण्याची वाट पाहत बसलीं होतीं. अशा शहरांत नानासाहेब उन्हाळ्याच्या अखेरीस परतले. शरीर खंगलेलें, मन भ्रमलेलें. शनिवारवाड्यांत त्यांस चैन पडेना. ते पर्वतीवर येऊन राहिले. ज्या माथ्यावरून त्यांनीं एके काळीं वाढतें शहर कौतुकानें न्याहाळिलें असेल, तेथूनच आतां खालीं दिसणारें प्रत्येक छप्पर त्यांस एकेक मृत मनुष्याची आठवण देत असेल. इ. स. १७६१ च्या २३ जून रोजीं त्यांचें पर्वतीवर देहावसान झालें. वय पुरतें एकेचाळीस वर्षांचेंही नव्हतें. त्यांच्या निधनाची जागा टेंकडीवर दाखविली जाते.

त्यांच्यामागें सोळा वर्षांचा माधवराव पेशवा झाला. वडिलांप्रमाणेंच त्याच्याही वांट्यास कोवळें वय, मोठें राज्य आणि मोठें कर्ज आलें; परंतु त्यानें मोडलेला डाव पुन्हा सांवरला. तें तेजस्वी चरित्र स्वतंत्रपणें वाचण्यासारखें आहे. पर्वतीनें मात्र पुढेंही पुष्कळ पाहिलें. इ. स. १८१७ च्या ५ नोव्हेंबर रोजीं नानासाहेबांचा पुतण्या, दुसरा बाजीराव, याच टेंकडीवर उभा राहून खडकीच्या लढाईचा रंग पाहत होता. आणि पुढील वर्षीं पेशवाई संपली. इ. स. १९२९ मध्यें अस्पृश्य मानलेल्या बंधूंनीं या मंदिरांत प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह आरंभिला. त्या वेळीं त्यांच्यावर दगडही पडले. देवाच्या पायऱ्या सर्वांस सारख्या, हें मान्य होण्यास पुढें अनेक वर्षें जावीं लागलीं.

नानासाहेबांची योग्यता ठरवितांना मोठमोठ्या इतिहासकारांतही एकमत नाहीं. कोणी त्यांस मराठी सत्तेचा कळस म्हणतात, तर कोणी तिच्या ऱ्हासाचें मूळ त्यांच्याच काळांत दाखवितात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जें काम त्यांनीं स्वतःच्या डोळ्यांखालीं, मोजूनमापून केलें, तें टिकलें. जें दूर होतें म्हणून दुसऱ्यावर टाकिलें, तें बुडालें. लाहोरवरील अंमल वर्ष-दीड वर्षांत गेला. उदगिरास मिळालेल्या मुलुखापैकीं पुष्कळसा लवकरच परत द्यावा लागला. परंतु कात्रजचा नळ शेंकडों वर्षें लोकांस पाणी देत राहिला, पेठा अजून नांदत आहेत, आणि ओढा वळला तो वळलाच.

विद्यार्थ्यांनीं यांतून घेण्यासारखा बोध हाच कीं, अंगावर घेतलेलें काम लहान असो वा मोठें, तें स्वतः पाहावें, वेळेवर पाहावें आणि शेवटास न्यावें. उशिरा निघालेल्या मनुष्याची कळकळ कितीही खरी असली, तरी जो प्रसंग टळून गेला तो ती परत आणूं शकत नाहीं. आणि ज्याच्या चुकीपायीं लोकांचीं घरें उध्वस्त झालीं, त्याच्याच कष्टांनीं त्या घरांत पाणीही आलें होतें, हें विसरून कोणाही मनुष्याचा न्याय करूं नये. पर्वतीवर गेल्यावर देवदर्शन झालें कीं त्या निधनस्थानाशींही क्षणभर उभें राहावें. आणि मग दक्षिणेस कात्रजच्या डोंगरांकडे पाहून, तेथून निघालेलें पाणी एके काळीं कोणत्या वाटेनें या शहरांत येत असे, तें एकदां नजरेनें शोधावें.